वर पापडी, खाली बांगडा

सोमवार ते शुक्रवार श्रीकांत सर संध्याकाळी जे रांधतात त्याला ते स्वतः 'सुटसुटीत जेवण' म्हणतात. एकच पॅन, एकच झाकण, एकच ताटली. तळाला तेल, ठेचलेला लसूण, हळद, तिखट, आमसुलं. त्यावर बांगड्याचे तुकडे. त्यावर वालाची पापडी, टोमॅटोच्या चकत्या, मिळाली तर मेथी आणि सगळ्यात वर कोथिंबिरीची जाड चादर. झाकण लावायचं, गॅस बारीक करायचा आणि बातम्या लावून बसायचं. बातम्या संपल्या की जेवण तयार. फोनवर बायकोला ते हे कौतुकाने ऐकवतात आणि विजयाबाई भाईंदरहून 'बरं' म्हणतात.

ज्याने आयुष्यात कधी गॅस पेटवला असेल त्याच्या लक्षात येईल की ही रचना उलटी आहे. उष्णता खालून येते. पापडीला शिजायला वेळ लागतो, बांगड्याला लागत नाही. म्हणजे भाजी तळाला हवी आणि मासा वर. सरांच्या पॅनमध्ये मात्र बांगडा फुटून तळाला चिकटतो आणि पापडी दाताखाली कचकचते. सरांना हे कळत नाही असं नाही. पण त्यांनी ही रचना स्वयंपाकासाठी केलेलीच नाही, दारावरच्या बेलसाठी केली आहे. कुणी अचानक आलं, कुणी झाकण उचललं, तर वर भाजी दिसली पाहिजे. पॅनबरोबर काचेचं झाकण आलं होतं, ते त्यांनी माळ्यावर टाकलं आणि त्याच्या जागी स्टीलची थाळी ठेवायला सुरुवात केली. काचेतून दिसतं.

पॅन एकच का, यालाही कारण आहे. तो ते स्वतः घासतात, लिंबाची साल लावून. बाकीची भांडी नलिनी घासते. ती सोसायटीतल्या चार घरी सांगत फिरते, "सरांसारखा माणूस नाही. एक तरी भांडं आपल्या हाताने घासतात." काटे खडूच्या रिकाम्या खोक्यात जातात आणि सकाळी शाळेला जाताना दमणगंगेच्या पुलावरून खाली. स्वयंपाकाआधी उदबत्ती, स्वयंपाकानंतर उदबत्ती. त्यामुळे सिल्वासातल्या डोकमर्डीच्या तुलसी रेसिडेन्सीत त्यांची ख्याती धार्मिक माणूस अशी आहे.

एवढा खटाटोप त्यांच्यावर कुणी लादला? कुणीच नाही.

सर मूळचे मुरूडकडचे. सिल्वासात मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतात. शनिवारी घरी जातात, तिथे विजयाबाई काय हवं ते तळून घालतात. सिल्वासात त्यांच्यासारखे कोकणातले नोकरदार पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक अशा इमारतींत राहतात जिथे संध्याकाळी जिन्यातच कळतं की आज कुणाकडे बोंबील आहेत. सरांना तिथे जागा मिळत होती. पण तुलसीला लिफ्ट होती, आणि 'वस्ती चांगली' होती. वस्ती चांगली म्हणजे काय, हे ते कधी फोडून सांगत नाहीत.

तुलसीच्या गेटवर शाकाहारी कुटुंबांनाच जागा, अशी पाटी आहे. सेक्रेटरी ललितभाई सुताचे दलाल. त्यांनी जागा देताना सरांना रीतसर विचारलं होतं, "साहेब, नॉनवेज तो नहीं खाते ना?"

'नाही' म्हणून खोटं बोलता आलं असतं. माणसं घरासाठी याहून मोठी खोटी बोलतात. पण सर म्हणाले, "छे छे! मला तर नुसत्या वासानेच मळमळतं."

वासाचं कुणी विचारलं नव्हतं. पण ललितभाईंना ते फार आवडलं. अशा नाकाचा माणूस सोसायटीत असलेला बरा. त्यांनी सरांना कमिटीवर घेतलं आणि तेव्हापासून सर हे तुलसीचं अधिकृत नाक झाले. सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मागच्या बाजूच्या एकाच उघड्या डक्टमध्ये उघडतात. चौथ्या मजल्यावरच्या गौरीबेन, म्हणजे ललितभाईंच्या पत्नी, कपडे वाळत घालताना नाक मुरडत. मग पुन्हा वास आला म्हणत ललितभाई सरांच्या दाराशी येत. "साहेब, जरा आवो ने. पाछो वास." सर हात धुऊन, चूळ भरून बाहेर येत, डक्टच्या खिडकीशी उभं राहून डोळे मिटत, नाक वर करत आणि निकाल देत, "मागच्या चाळीतून येतोय."

कंपाउंडच्या मागे कामगारांची चाळ होती. तिथे मासा शिजायचाही. त्यामुळे निकाल कुणाला खोटा वाटला नाही. स्वतःच्या जेवणाचा वास घेऊन तो शेजाऱ्याच्या नावावर टाकायचा आणि परत येऊन तेच जेवण चवीने जेवायचं, हे सरांना इतकं अंगवळणी पडलं की त्यांना त्यात काही वाटेनासं झालं.

मग ती चाळ पाडायला काढली. तिच्या जागी नवी इमारत व्हायची होती. चाळीतली कुटुंबं मिळेल तिकडे गेली. त्यांतलं एक, नवनाथ आणि ममताचं, तुलसीच्याच पहिल्या मजल्यावर आलं. सरांच्या बरोबर खाली.

ही माणसं शिरपूरकडची. नवनाथ मसाटच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात लाइन इनचार्ज, ममता तिथेच पॅकिंगला. चौथीतली एक मुलगी, मनीषा, सरांच्याच वर्गात. ममताला ही जागा फार हवी होती. कंपनीची बस गेटसमोर थांबते. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. दोघंही कामावर असले आणि मुलगी शाळेतून एकटी घरी आली, तरी तिला मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. आणि वरच्या मजल्यावर सर आहेत, याचाही तिला आधार वाटत होता. फ्लॅटचा मालक सुरतला, त्याला भाडेकरू हवाच होता. फक्त कमिटीने होकार द्यायचा होता.

त्या मुलाखतीला सर दुभाषे म्हणून बसले.

"बेन, घर में क्या पकता है?" ललितभाईंनी विचारलं.

"काय पकणार साहेब? रोजची भाजी-भाकर," ममता म्हणाली.

ललितभाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली. "भाजी-भाकरी. शुद्ध."

'शुद्ध' हा शब्द सरांचा. ममताच्या तोंडी तो नव्हता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. खानदेशात भाकरीबरोबर कालवून जे खातात ते सगळं भाजी. वांग्याची भाजी, मटणाची भाजी, माशाची भाजी. यात लपवाछपवी नाही, तो तिकडचा साधा शब्द आहे. गुजरातीत भाजी म्हणजे पालेभाजी. ललितभाईंच्या डोळ्यांसमोर पालक आला, ममताच्या डोळ्यांसमोर कढई. दोघांच्या मध्ये बसलेल्या माणसाला मात्र दोन्ही अर्थ ठाऊक होते. खानदेशी पोरांच्या वह्या तपासण्यातच त्याचा जन्म चालला होता. 'रविवारी आमच्या घरी मटणाची भाजी असते' असं पोरांनी लिहिलं की तो लाल शाईने 'भाजी' खोडून वर 'रस्सा' लिहायचा. पण त्या दिवशी त्याला घाई असावी. संध्याकाळ झाली होती आणि फ्रिजमध्ये बांगडे होते.

ममता-नवनाथ राहायला आले. रविवारी ममता वांगं घालून माशाची भाजी करायची, दार उघडं ठेवून. रविवारी ललितभाई आणि गौरीबेन सकाळपासून वापीला मुलीकडे असत, आणि बाकीच्यांना एक तर कळलं नाही किंवा कळूनही त्यांनी गप्प बसणं पसंत केलं. असेच काही महिने सुखाने गेले असते.

पण एका बुधवारी सरांनी बांगड्यात तिरफळं टाकली. विजयाबाईंनी गावची पाठवली होती. तिरफळाचा वास झाकणाखाली राहत नाही, आणि स्टीलच्या थाळीखाली तर नाहीच. बातम्या संपायच्या आधी गौरीबेन जिन्यातून खाली आल्या. मागोमाग ललितभाई. सरांच्या दारावर बेल वाजली.

"साहेब, आज तो हद थई गई. जरा जुओ."

सरांनी गॅस बंद केला, चूळ भरली आणि डक्टशी गेले. डोळे मिटले. नाक वर केलं. निकाल ओठांवर आला आणि तिथेच अडकला. खिडकीतून मागे पाहिलं तर चाळीच्या जागी नुसता मातीचा ढीग होता. मातीच्या ढिगात कुणी मासे शिजवत नाही.

सरांची नजर खाली सरकली. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा होता.

"खालून येतोय," सर म्हणाले.

हे वाक्य म्हणायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात वेगळं काहीही म्हणता आलं असतं. गटार तुंबलंय, उंदीर मेलाय, काहीही. माणसाने खोटं बोलायचं ठरवलंच असेल तर निदान उंदरावर तरी बोलावं.

ललितभाईंनी खालची बेल वाजवली. नवनाथ मुलीला खिचडी वाढत होता. ममता सेकंड शिफ्टला गेली होती.

"मच्छी बनाया आज?"

"आज नाही भाई. आज खिचडी आहे," नवनाथ म्हणाला आणि मग, माणूस सरळ असल्यामुळे, पुढे म्हणाला, "मच्छी आमची रविवारी असते."

शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. सर कमिटीच्या बाजूला. ममता सुट्टी टाकून आली होती. बसताना तिने सरांकडे बघून नमस्कार केला. आपल्या बाजूने बोलेल असा माणूस समोर बसलाय, अशा समजुतीत होती ती.

ललितभाईंचा सूर भांडणाचा नव्हता. त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं, आणि त्यांच्या बाजूने ते खरंही होतं. "ममताबेन, मैंने पूछा था. आपने बोला भाजी."

"हो ना. भाजीच तर करतो आम्ही."

"तो ये मच्छी?"

"माशाचीच भाजी. वांगं टाकून."

खुर्च्यांवर हशा पिकला. मागून कुणी म्हणालं, "कल मुर्गी का सलाड बनाएगी!"

"अरे बेन, मच्छीनी भाजी केवी रीते थाय?" गौरीबेननी विचारलं.

"जशी वांग्याची होते तशी," नवनाथ म्हणाला. "त्यात वेगळं काय आहे? आमच्याकडे सगळ्याला भाजीच म्हणतात."

ललितभाई सरांकडे वळले. "साहेब, तमे तो मराठीना मास्तर. आप ही बोलो. ये लोग झूठ बोला कि हमको समझ में नहीं आया? भाजी मतलब क्या?"

इथे सरांना फार काही करायचं नव्हतं. आपल्या पॅनबद्दल कबुली द्यायची नव्हती. 'यांच्याकडे माशाच्या कालवणालाही भाजी म्हणतात, बाई खोटं बोललेल्या नाहीत,' एवढं म्हणायचं होतं. ललितभाई वाईट माणूस नाहीत. त्यांनी पुढे सांभाळायला सांगितलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. कशाची झळ लागणार नव्हती, एक पै जाणार नव्हती. नुसतं खरं बोलायचं होतं, तेही स्वतःच्या विषयातलं.

सरांनी घसा साफ केला. "प्रमाण मराठीत," ते म्हणाले, "भाजी म्हणजे वनस्पतीपासून केलेला पदार्थ. मासा ही वनस्पती नव्हे."

शाळेत असं काही बोलले की पोरं वहीत उतरवून घेतात. इथे लोकांनी माना डोलावल्या.

ममता सरांकडे वळली. "सर, माझ्या मनीषानं निबंधात लिहिलं होतं, मटणाची भाजी. तुम्ही खोडून वर रस्सा लिहिलंत. म्हणजे आम्ही काय म्हणतो ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"चूक होतं म्हणूनच खोडलं," सर म्हणाले.

"बरं. आणि बुधवारी मी कंपनीत होते. घरात खिचडी होती, ललितभाईंनी स्वतः पाहिली. मग बुधवारचा वास कुणाचा?"

सगळ्यांनी नाकाकडे पाहिलं. सर किंचित हलले. मग म्हणाले, "वास मुरतो. रविवारचा वास भिंतीत मुरून बुधवारी बाहेर पडतो. हे शास्त्र आहे."

हे शास्त्र कुठल्याही पुस्तकात नाही. पण मास्तर म्हणाले म्हटल्यावर कुणी विचारलं नाही.

महिनाअखेर जागा सोडायची असं ठरलं. नवनाथ बायकोला हळूच म्हणाला, "चाल, ऊठ. उगी ऱ्हाय आते." ममता उठली. टेबलाजवळून जाताना ती थांबली.

"सर, चाळ गेली, आता आम्हीही चाललो. यापुढे वास आला की नाक कुणीकडे वळवाल?"

"बघा, वरून उद्धटपणा," सर ललितभाईंना म्हणाले.

त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता, नुसता हिशेब होता. डोकं शांत ठेवलं असतं तर चौथीतल्या मुलीलाही सुटला असता. ज्या घरावर बोट दाखवून आपण सुखाने जेवतो, ते घर हाकलून लावायचं नसतं. उलट त्या लोकांना धरून ठेवायचं. दिवाळीला फराळ द्यायचा. सरांना एवढंही जमलं नाही. नुसती लबाडी असती तर तिच्यात निदान अक्कल दिसली असती.

खालचा फ्लॅट रिकामा झाला. मालकाने रंग लावून घेतला, फरशी फिनेलने धुऊन घेतली. सोमवारी सरांनी नेहमीप्रमाणे पॅन चढवला. बातम्या चालू असतानाच बेल वाजली.

"साहेब, पाछो वास."

सर डक्टशी गेले. डोळे मिटले. "मुरलेला आहे."

"कलर तो थई गयो."

"मग... जिन्यातून येत असेल."

ललितभाई विचारात पडले. ते दलाल होते. सुताच्या गोणीत हात घालून माल ओळखणारा माणूस रोज रोज फसत नाही. "चाळ गई. नवनाथ गया. अब तो बिल्डिंग में से ही कोई है. साहेब, ऐसा करते हैं. अगली बार वास आया तो सब फ्लोर का किचन देखेंगे. एक एक बर्तन. आप आगे रहना. आपका नाक है."

"हो, हो. बघू या की," सर म्हणाले, आणि घरात येऊन त्यांनी तो पॅन तसाच पिशवीत घालून पुलावर नेला. नदीत बांगडा गेला, पापडी गेली. पॅन तेवढा परत आणला.

त्यानंतर सरांच्या पॅनमध्ये खरोखरच नुसती पापडी शिजू लागली. कधी दुधी, कधी गिलकी. आता तळाला काही चिकटत नव्हतं, सगळं व्यवस्थित शिजत होतं आणि सरांच्या घशाखाली उतरत नव्हतं. विजयाबाईंना फोनवर ते म्हणू लागले, "वातावरण बिघडलंय इथलं. माणसाला माणसाचं काही राहिलेलं नाही." विजयाबाई 'बरं' म्हणाल्या. शनिवारचे मासे पुरेनात. गुरुवारी वर्गात ते एका पोराला विनाकारण ओरडले आणि शाळा सुटल्यावर स्कूटर घेऊन मासळी बाजारात गेले. बांगडे घेतले, तिथेच साफ करून घेतले, डब्यात भरले. मग बाजाराबाहेर डबा हातात धरून उभे राहिले, कारण त्यांना जायला जागा नव्हती.

तिथून ते मसाटला गेले.

नवनाथ आणि ममताला कारखान्यांच्या मागे एक खोली मिळाली होती. पुढे ओटा, ओट्यासमोर रस्ता. मनीषा आता रिक्षाने शाळेत येत होती, दाटीवाटीत, पुढच्या सीटच्या टोकावर बसून. ओट्यावर ममता भाकरी थापत होती. नवनाथ नळाशी हातपाय धूत होता.

"सर?" ममता म्हणाली. "इकडं कुठं?"

"सहज. म्हटलं मुलीच्या अभ्यासाची चौकशी करावी."

"ती बसलीय आत अभ्यासाला. डब्यात काय?"

सरांनी रस्त्याकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "बांगडे."

नवनाथने नळ बंद केला. "अरे वा! आणि घरी नाही केले?"

"तिकडे आता जरा अवघड झालंय."

"का? वास येतो का काय?" नवनाथ म्हणाला, आणि इतका हसला की शेजारची बाई दारात आली.

"तुम्ही करून दिलेत तर..." सर म्हणाले. "मी डब्यात घेऊन जाईन."

"नेऊन खाल कुठं?" ममताने विचारलं. "पुलावर?"

सरांनी डबा पुढे केला. ममताने डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं. मासा ताजा होता. टाकून द्यावा असं त्या माशाने तिचं काही बिघडवलं नव्हतं. तिने तवा उतरवला आणि कढई चढवली.

"सर, एक बोलू?" नवनाथ अंग पुसत म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तो फ्लॅट अजून रिकामाच आहे. मालकाचा फोन आला होता, कमिटीनं हो म्हटलं तर या म्हणतो. पोरगी रिक्षात लटकून येते, तुम्ही बघताच. ललितभाईंना एकदा खरं सांगा. बुधवारचं नका सांगू, नुसतं भाजीचं सांगा. एवढं तर कराल?"

"बघतो," सर म्हणाले. "योग्य वेळ आली की बोलतो."

"वेळ कधी येते?"

"वातावरण थोडं निवळू दे."

स्वयंपाक झाल्यावर ममताने थाळी वाढली आणि ओट्यावर ठेवली. "बसा."

"आत बसलो तर चालेल का?"

"आत पोरगी अभ्यास करतेय. इथंच बसा. आम्ही रोज इथंच बसतो."

शिफ्ट सुटली होती. बसगाड्या येत होत्या. डबे हलवत माणसं चालली होती, आणि त्यांतल्या निम्म्यांची मुलं सरांच्या शाळेत होती. सर एकदा रस्त्याकडे बघत, एकदा थाळीकडे. मग थाळी उचलून ते फिरले आणि रस्त्याकडे पाठ करून, भिंतीला नाक लागेल इतके जवळ, मांडी घालून बसले.

"काय सर, आज इकडं जेवण?" रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली.

सरांनी न वळता डावा हात वर केला. तोंडात घास होता.

थाळी संपली तशी ती त्यांनी पाठीमागे धरली. मान वळवली नाही. ममताने आणखी एक तुकडा वाढला.